त्या तळ्यात बाप्पांना नेऊ नका: मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सर्व सभासद आणि मंडळातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या बैठकीत यंदाच्या गणेशोत्सवाचा बेत ठरला. पेणहून ५ फुटांची मूर्ती मागवायची, दहा दिवस हॉलमध्ये बसवायची आणि शेवटच्या शनिवारी दोन बस करून ओंटारिओतल्या केनोरा गावाच्या पुढे आपल्या एका ज्येष्ठ काकांच्या कॅम्पवर जायचं, तिथल्या तळ्यात विसर्जन करायचं. सव्वाशे-दीडशे माणसं, ढोल-ताशा, काठावरच पंगत. इथे कॅनडात, विनिपेगच्या मराठी माणसांना असा सोहळा आजवर मिळालेला नाही, हे मलाही ठाऊक आहे. मुलं आत्तापासून लेझीम बसवताहेत. बैठकीत मी विरोध नोंदवला, पण मिळालेल्या पाच मिनिटांत म्हणणं पूर्ण झालं नाही. नंतर जिन्यात दोघातिघांनी विचारलं, "ताई, तुमचं नक्की म्हणणं काय?" त्यांच्यासाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र.

म्हणणं एवढंच, की त्या तळ्यात मूर्ती विसर्जित करू नका. ना ५ फुटांची, ना ५ इंचांची. ना प्लास्टरची, ना शाडूची. तळ्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते माहीत आहे, तेवढं पुरे.

मी कोल्हापूरची. रंकाळ्याच्या काठी लहानाची मोठी झाले. संध्यामठ पाण्यातून किती वर आलाय, त्यावरून उन्हाळा किती कडक आहे ते आम्ही ओळखायचो. विसर्जनाला बाबांच्या डोक्यावर पाट आणि मागे आम्ही भावंडं झांजा वाजवत पंचगंगेच्या घाटावर. मूर्ती दोनदा पाण्यातून वर काढून तिसऱ्यांदा बाबा हात सोडायचे, तेव्हा पोटात खड्डा पडायचा. घरी परतताना पाटावरची चिमूटभर ओली वाळू बघून मग जरा बरं वाटायचं. पण त्याच रंकाळ्याचं पाणी हिरवं होऊन त्याला वास सुटलेला मी पाहिलाय, जलपर्णीखाली पाणी दिसेनासं झालेलंही पाहिलंय. पुढे शिकले तेही पाण्याबद्दलच, आणि गेली १४ वर्षं इथे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते आहे. तेव्हा जे लिहिते ते भक्तीला विरोध म्हणून लिहीत नाही, एवढा विश्वास ठेवा.

गेल्या वर्षी आपल्यातल्या काही कुटुंबांनी घरच्या मूर्ती याच तळ्यात सोडल्या. मी काठावर उभी होते. आरती म्हटली, प्रसाद घेतला आणि गप्प राहिले. यंदा जूनमध्ये काकांच्या आमंत्रणावरून आम्ही पुन्हा तिथे गेलो. सकाळी मी पाण्यात उतरले. काठापासून चार पावलांवर, गुडघाभर पाण्यात, काळ्या गाळावर एक हात पडलेला होता. मनगटाशी तुटलेला, तळव्यावर मोदक. सोनेरी रंग जसाच्या तसा. मोदकाच्या कळ्यांमध्ये गाळ बसला होता. तो बोटाने पुसला तर एका कळीचा टवका उडालेला, आत पांढरं प्लास्टर. शेजारी एक नारळ, त्याच्या शेंडीला लाल दोरा, आणि गाळात अर्धी रुतलेली चमकीची माळ. नोव्हेंबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत हे सगळं बर्फाखाली होतं. तळ्याला त्याचं काहीही करता आलं नव्हतं.

तो हात मी टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणला. देवघराखालच्या कप्प्यात आहे.

आता या तळ्याबद्दल थोडं सांगते, कारण बैठकीत "एवढं पाणी आहे, एका मूर्तीने काय होतंय" हे वाक्य तीनदा ऐकलं.

एके काळी हा सगळा मुलूख दोन-तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होता. तो बर्फ नुसता साचून राहिलेला नव्हता, सरकत होता, आणि पोटाशी धरलेल्या दगडगोट्यांनी खालचा खडक खरवडत होता. जिथे खडक कच्चा तिथे खळगा पडला, जिथे पक्का तिथे उंचवटा राहिला. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला आणि खळग्यांत पाणी उरलं. कॅम्पच्या धक्क्याच्या डाव्या हाताला तो उघडा, गुळगुळीत खडक आहे ना, त्यावर उन्हं कलल्यावर बघा. बारीक, एकमेकींना समांतर रेघा दिसतील. माझ्या लेकीने त्यांवरून बोट फिरवत विचारलं होतं, "आई, ह्या कोणी ओढल्या?" त्या बर्फाने ओढल्या आहेत, आणि रेघा ज्या दिशेला जातात त्या दिशेला तो सरकला.

हा खडक ग्रॅनाइटचा, अडीच अब्ज वर्षांहून जुना. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ झिजला की काळी माती होते, तिच्यात ऊस येतो, कापूस येतो. हा ग्रॅनाइट पाण्याला जवळजवळ काहीच देत नाही. चुना नाही, क्षार नाहीत. भोवती काळे स्प्रूस, जॅक पाइन, भूर्ज, पायाखाली शेवाळाची गादी आणि ब्लूबेरीची झुडपं. वरची माती इतकी पातळ, की वाऱ्याने झाड पडलं तर मुळांबरोबर सगळा थर सुटून येतो आणि खाली उघडा खडक दिसतो. अशा जंगलातून झिरपून जे पाणी येतं ते गरीब असतं. त्याची गरिबी हीच त्याची तब्येत आहे. म्हणून ते स्वच्छ आहे. पाण्याचा नितळपणा मोजायची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने सोडली तर ५ मीटर खोलवर गेली तरी मला दिसत होती. रंकाळ्यावर हे कधी झालं नसतं.

थोडा हिशेब मांडते. तळं साधारण ५ हेक्टरांचं, म्हणजे साडेबारा एकर. सरासरी खोली ५ मीटर धरा. पाणी झालं २५ कोटी लिटर. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण शेवाळ किती वाढणार हे ज्यावर ठरतं तो फॉस्फरस अशा तळ्यांत एका लिटरमागे असतो ५ ते १० मायक्रोग्रॅम, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ८ धरून गुणाकार करा. अख्ख्या तळ्यात मिळून फॉस्फरस भरतो २ किलो. साखरेच्या दोन पिशव्या वजनाला. एवढ्यावर त्या पाण्यातलं सगळं शेवाळ, त्यावर जगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, त्यांच्यावरचे मासे आणि त्या माशांवर जगणारी लून या पाणपक्ष्याची जोडी यांचा संसार चाललेला आहे.

आता आपण काय नेणार ते पाहू. लिटरभर दुधात १ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. माणसाच्या शरीरातून रोज १ ग्रॅमहून थोडा जास्त बाहेर पडतो. दीडशे माणसं, एकच संडास, झाडांआड जाणारी मुलं, काठावर विसळलेली पातेली, पंचामृत, फुलं, दूर्वा, केळी, नारळ. यातलं सगळंच पाण्यात जाईल असं नाही. पण शे-दोनशे ग्रॅम जरी गेला, तरी एका दुपारीत तळ्याच्या साऱ्या ठेव्यात आपण पाच-दहा टक्क्यांची भर घातली. आणि १ किलो फॉस्फरस पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसू शकतो. त्या तळ्यातून बाहेर जाणारा ओहोळ माझ्या लेकीला उडी मारून ओलांडता येतो. अशा तळ्यातलं पाणी बदलायला वर्षं लागतात. नदीच्या घाटावरून सोडलेलं पुढे जातं, निदान नजरेआड होतं. इथे सोडलेलं इथेच राहतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. केनोराच्या आग्नेयेला ५८ लहान तळी संशोधनासाठी राखून ठेवलेली आहेत. तीही अशीच बर्फाने कोरलेली, ग्रॅनाइटवरची. त्या जागेला एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया म्हणतात. १९६८ साली ती सुरू झाली. त्या काळात अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर शेवाळाने भरून गेलं होतं आणि दोष कुणाचा यावर भांडण चालू होतं. साबणवाले म्हणत होते, साबणातल्या फॉस्फेटचा, म्हणजे फॉस्फरसचा, काही संबंध नाही, मूळ कार्बनमध्ये आहे. काचेच्या बरण्यांत प्रयोग करून हे भांडण मिटेना. तेव्हा तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आख्खी तळीच प्रयोगाला घेतली. तळ्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. २२६ क्रमांकाचं तळं मध्ये चिंचोळं आहे, दोन वाट्या जोडल्यासारखं. १९७३ साली त्या चिंचोळ्या भागात त्यांनी प्लास्टिकचा जाड पडदा तळापर्यंत सोडून दोन्ही वाट्या वेगळ्या केल्या. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्या बाजूला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. काही आठवड्यांत फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी होती तशी काळीभोर, स्वच्छ राहिली. विमानातून घेतलेला तो फोटो जगभर गेला आणि फॉस्फेटवर बंधनं आणण्याच्या बाजूने त्याच्याएवढा पुरावा दुसरा झाला नाही.

मी तिथे एकदा जाऊन आले आहे. मला २२६पेक्षा २२७ लक्षात राहिलं. ५ हेक्टरांचंच आहे, म्हणजे काकांच्या तळ्याएवढं. त्यात १९६९ पासून दर वर्षी फॉस्फरस घालत आले आहेत. सुरुवातीला बरोबर नायट्रोजनही घालत, तो १९९० पासून पूर्ण बंद केला. शेवाळ कमी होईल असं वाटलं होतं. झालं नाही, कारण निळं-हिरवं शेवाळ हवेतून नायट्रोजन ओढून घेतं आणि फॉस्फरस मिळाला की त्याचं भागतं. मी गेले तेव्हा पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं होतं. हात बुडवला तर मनगट दिसेना. आणि जंगलातून थोडं चाललं की शेजारचं तळं, ज्याला कोणी काही केलेलं नाही, तळापर्यंत नितळ. दोन्हींवर पाऊस एकच पडतो.

आणखी एक गोष्ट तिथे कळली ती मला रात्री झोपू देत नाही. २२३ क्रमांकाच्या तळ्यात १९७६ पासून थोडं थोडं आम्ल घालत गेले, आम्लपर्जन्यात काय होतं ते बघायला. मोठे ट्राउट मासे आम्लाने मेले नाहीत. ते ज्यांवर जगत होते ते बारके मासे आणि कोळंबीसारखे जीव आधी नाहीसे झाले, आणि मोठे मासे अन्नावाचून वाळत गेले. डोकं मोठं आणि अंग सापासारखं, असे त्यांचे फोटो आहेत. "अहो, गेल्या वर्षी मूर्ती सोडल्या, तरी मासे उड्या मारताहेत की" असं जे कोणी म्हणालं, त्यांना हे सांगायचं होतं. मोठ्या माशापर्यंत दुखणं पोहोचतं ते सगळ्यात शेवटी.

हे संशोधन केंद्र २०१२ साली सरकार बंद करायला निघालं होतं. लोकांनी आवाज उठवला, आणि २०१४ पासून ते चालवणारी संस्था, इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, आपल्याच विनिपेगची आहे. लहान तळ्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही याची जगातली सगळ्यात पक्की माहिती आपल्या गावातून सांभाळली जाते. मराठी मंडळाने त्याच तळ्यांच्या एका भावंडात प्लास्टर ओतावं, हे मला बघवणार नाही.

आता प्लास्टरकडे येते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, ती मुख्यतः ते लवकर विरघळत नाही आणि रंगांत जड धातू असतात म्हणून. इथे आणखी एक धोका आहे. आपली ५ फुटी मूर्ती ४० किलो प्लास्टरची धरली, तर त्यात बावीस-तेवीस किलो सल्फेट असतं. या खडकावरच्या तळ्यांत सल्फेट लिटरला काही मिलिग्रॅमच. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात. त्यांना जास्त सल्फेट मिळालं की ते जोमाने कामाला लागतात, आणि ते काम करताना गाळातल्या साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. पारा कोळशाच्या धुराबरोबर येऊन प्रत्येक तळ्यात थोडा थोडा बसलेलाच आहे. साधा पारा फारसा कुठे जात नाही. मिथाइल पारा शेवाळातून बारक्या जीवांत, त्यांच्यातून माशांत आणि माशांतून माणसांत चढत जातो. शेजारच्या, अमेरिकेतल्या मिनेसोटात संशोधकांनी एका पाणथळीत मुद्दाम सल्फेट शिंपडून पाहिलं. मिथाइल पारा वाढला. आपल्या एका मूर्तीने तळं विषारी होईल असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण मूर्ती दर वर्षी येणार आहे, आणि बैठकीत कोणीतरी म्हणालंच की पुढल्या वर्षी ७ फुटांची आणू.

आणि पाऱ्याच्या बाबतीत या भागातल्या लोकांना आपण काही सांगायला नको. ड्रायडनच्या कागद कारखान्यातून १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज आणि वाबासीमूंग ही अनिशिनाबे या इथल्या मूळ रहिवाशांची गावं. मासे हेच त्यांचं अन्न आणि मासे हाच रोजगार. हातापायांना मुंग्या, थरथर, दिसेनासं होणं, बोलताना जीभ अडखळणं. साठ वर्षं होत आली, तिथली माणसं अजून भोगताहेत. केनोरा काय, ड्रायडन काय, काकांचा कॅम्प काय, हा सगळा त्यांनी सरकारशी केलेल्या १८७३च्या तिसऱ्या कराराचा मुलूख आहे. आपण पाहुणे आहोत, आणि पाण्याने पोळलेल्या घरी पाहुणे आहोत.

त्या तळ्याच्या उथळ टोकाला जे गवत उभं असतं ते तुम्हाला लव्हाळं वाटलं असेल. तो भात आहे, जंगली भात. अनिशिनाबे त्याला मनोमिन म्हणतात. दोघं जण होडीत बसतात. एक बांबूसारख्या काठीने होडी ढकलत नेतो, दुसरा एका काठीने रोपं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीने हलकेच झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, उरलेले पाण्यात, पुढल्या वर्षासाठी. ऑगस्ट संपता संपता हे सुरू होतं आणि सप्टेंबरभर थोडंफार चालतं. आपला भाद्रपद म्हणजे त्यांच्या भाताची सुगी. आपल्या कोकणातल्या, भोर-मावळातल्या माणसाला भाताच्या खाचरात कोणी काही टाकलं तर कसं वाटेल? आणि या भाताचं सल्फेटशी वैर आहे. गाळात सल्फेटचं सल्फाइड होतं, ते त्याच्या मुळांना मारतं. म्हणून मिनेसोटात भाताच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फेट नको असा नियम १९७३ पासून आहे.

गेल्या सप्टेंबरमध्ये धक्क्यावर भेटलेल्या एका आजींनी मला मूठभर भाजलेला मनोमिन दिला. सुगीला निघण्यापूर्वी त्यांनी चिमूटभर तंबाखू पाण्यावर सोडली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, काही घ्यायच्या आधी काही द्यावं. मला आजोबांची संध्या आठवली. पळीभर पाणी, चार अक्षता, एक तुळशीचं पान. आपल्याकडेही देवाला द्यायचं माप पळीचं आणि चिमटीचंच होतं. ५ फूट आणि ४० किलो हे माप नंतर आलं.

बैठकीत निघालेल्या दोन आक्षेपांचं उत्तर द्यायला हवं. पहिला असा, की इथले लोक मोटारबोटी फिरवतात, हिवाळ्यात बर्फावर ट्रक घालतात, त्यांना कोणी विचारत नाही, मग आपणच का. त्यांनाही विचारलं पाहिजे, आणि विचारणारे आहेत. पण त्यांच्या चुकीने आपल्याला परवानगी मिळत नाही. शिवाय माशांच्या पाण्यात घातक पदार्थ टाकणं कॅनडाच्या मत्स्य कायद्याने गुन्हा आहे. हे मी फक्त कानावर घालते आहे. पोलिसांच्या भीतीने तुम्ही थांबावं अशी माझी इच्छा नाही.

दुसरा आक्षेप, की मग विनिपेग सरोवरात करू, ते तर समुद्राएवढं आहे. आहे खरं, साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरचं. आणि तरीही रेड नदीतून येणाऱ्या खतामुळे आणि सांडपाण्यामुळे दर उन्हाळ्यात त्यावर शेवाळाचे पट्टे येतात, किनाऱ्यांवर सावधगिरीच्या सूचना लावाव्या लागतात. एवढ्या मोठ्याची ही गत झाली ती "एवढ्याने काय होतंय" असं म्हणणारे लाखो जण होते म्हणून. तिथेही नको.

शाडूबद्दलही विचारलं गेलं. शाडू पाण्यात विरघळतो, त्यात विष नाही, हे बरोबर. पण तो अतिशय बारीक असतो, दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतो आणि मग माशांच्या अंड्यांवर, भाताच्या मुळांवर बसतो. ज्या पाण्यात ५ मीटर खोल ऊन पोचतं, तिथे तो गढूळपणा नवा आहे. शाडू हवाच, पण तळ्यात नको.

मग करायचं काय? मी आपल्या गुरुजींशी बोलले. ते म्हणाले, उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून हलवली, की देव गेले. "पुनरागमनाय च" म्हणून निरोप दिला की उरते ती माती. पार्थिव पूजा म्हणतात ती याचसाठी. माती पाण्यात मिळाली पाहिजे, ते पाणी कुठलं असावं याचा हट्ट शास्त्राला नाही. कोल्हापुरात मूर्तिदान कित्येक वर्षं चाललेलं आहे, महाराष्ट्रातल्या शहरांत कृत्रिम हौद झालेत, पुण्यातली मोठमोठी मंडळं उत्सवमूर्ती वर्षानुवर्षं तीच ठेवतात आणि पूजेची लहान मूर्ती विसर्जित करतात. त्यांचा बाप्पा कमी पावतो असं कोणी म्हणत नाही.

मूर्तीची ऑर्डर अजून गेलेली नाही. पेणलाच शाडूची, हातभर उंचीची मूर्ती सांगू या. सजावटीसाठी मोठी हवी असेल तर एकदाच फायबरची घेऊ आणि जपून ठेवू. विसर्जनासाठी इथल्या शेतीच्या दुकानांत गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा गोल हौद मिळतो, तो मी माझ्या पैशाने आणते. हॉलच्या मागच्या अंगणात ठेवू, मुलांकडून फुलांनी सजवू. ढोल-ताशा, लेझीम, मिरवणूक सगळं तिथे होऊ दे, गल्लीतून फेरी काढायची परवानगी मी स्वतः आणते. सकाळपर्यंत मूर्तीची माती होईल. ती माती सामुदायिक बागेतल्या आपल्या वाफ्यात पसरू. निर्माल्याचं तिथेच खत करू. वसंतात त्यात झेंडू लावला तर पुढच्या गणपतीला हार आपल्या वाफ्यातल्या फुलांचे होतील.

ज्यांच्या घरी प्लास्टरच्या मूर्ती आधीपासून आहेत, त्यांना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत मी समजावून सांगेन. मूर्ती बादलीतच विरघळते, खाली चुनखडी बसते आणि वरचं पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. ते मात्र गटारात ओतायचं नाही.

आणि तळ्यावर जायचं ठरलंय तर जाऊ या. एक बस, चाळीस माणसं, आदल्या शनिवारी. जेवण डब्यातून नेऊ, खरकटं परत आणू, काठावर भांडी विसळायची नाहीत, संडासाची सोय भाड्याने करू. लून ओरडतो तेव्हा ढोल वाजवायचा नाही. काकांच्या हातून तांब्याच्या कलशात त्या तळ्याचं पाणी भरून आणू आणि विसर्जनाच्या हौदात तेच पाणी आधी घालू. बाप्पांना तळ्याकडे न्यायच्या ऐवजी तळं बाप्पांकडे येईल. मुलांना काय दाखवायचं असेल तर त्या खडकावरच्या रेघा दाखवा, बोट फिरवू द्या.

काकांना वेगळं लिहिते आहे, पण इथेही सांगते. काका, तुम्ही आपली जागा मोकळ्या मनाने मंडळाला दिलीत. माझ्या या पत्राने तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. ते तळं तुम्ही पंचवीस वर्षं जपलंत, तुमच्यामुळेच मला ते बघायला मिळालं.

कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा पटलावर घ्यावा आणि तळ्यातल्या विसर्जनाचा ठराव मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. मला वीस मिनिटं द्या. मी तळ्याच्या पाण्याची बाटली आणीन, २२६चा फोटो आणीन, आजींनी दिलेल्या मनोमिनचा भात शिजवून आणीन. आणि तो हातही आणीन. त्याला कुठे ठेवायचं, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक सभासद
विनिपेग